1400 वॅटचा वेट-ड्राय व्हॅक्यूम: 11 महिन्यांच्या वापरानंतर

20 लिटरचा ड्रम, 1400 वॅटची मोटर, दीड मीटरची नळी, एक कापडी फिल्टर आणि एक स्पंजाचा. बाजारात सगळीकडे दिसणारा, कोरडा कचरा आणि पाणी दोन्ही ओढणारा हा नेहमीचा वेट-ड्राय व्हॅक्यूम. ऑक्टोबरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तो दोन ठिकाणी चालला: आठवड्यातले तीन-चार दिवस ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या लाकूडकामाच्या लहान गाळ्यात, आणि रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांसाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक मशिनांची रचना सारखीच असते आणि खालचं सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं. मशीन चांगलं आहे. सोबत येणारी नळी, फिल्टर आणि नोझल मात्र कामचलाऊ आहेत. वरचे पैसे घालायचे असतील तर ते तिथे घाला, मोठ्या मोटरमध्ये नको.

आधी खोक्यावरच्या आकड्यांविषयी. 1400 वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. ओढ किती आहे हे त्यावरून कळत नाही. किलोपास्कलमध्ये दिलेला आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद असतानाचा, म्हणजे हवा अजिबात वाहत नसतानाचा असतो. कचरा उचलते ती वाहती हवा. ती मोटरपर्यंत पोचेपर्यंत नोझल, नळी आणि फिल्टर अशी तीन ठिकाणी अडते, आणि रोजच्या वापरात सगळ्यात जास्त फिल्टरपाशी.

हे मोजता येतं, आणि मोजावंच. 0 ते 760 मिमी पाऱ्याचा व्हॅक्यूम गेज मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. फूटभर पीव्हीसी पाइपला बाजूने भोक पाडून तो बसवायचा, सांध्याला टेफ्लॉन टेप. पाइपचं एक टोक व्हॅक्यूमच्या नळीत, दुसऱ्या टोकाला बूच. बूच बंद ठेवून या मशीनचा आकडा 140 मिमी आला, म्हणजे साधारण साडेअठरा किलोपास्कल. पण या आकड्यावर विसंबू नका. फिल्टर पार चोंदलेला असला तरी बंद तोंडावर गेज तेवढाच दाखवतो, कारण हवाच वाहत नाही. ही चाचणी गळती आणि मोटर तपासायची. फिल्टर तपासायचा तर मधोमध 20 मिमी भोक असलेलं दुसरं बूच लावा आणि मग वाचा. स्वच्छ फिल्टरवर इथे 60 मिमी येतात. वॉलपुट्टी घासल्याची धूळ दहा मिनिटं ओढली की 25. रंध्याच्या जाड भुशाने मात्र अर्ध्या तासानंतरही आकडा 50 च्या खाली गेला नाही. मोटर तीच, नळी तीच. निम्म्याहून जास्त ओढ खाल्ली ती फिल्टरवर बसलेल्या मैद्यासारख्या थराने.

आवाजावरूनही हे कळतं. वाट चोंदली की मोटरचा सूर चढतो. लोकांना वाटतं मोटरवर ताण आला. खरं तर ढकलायला हवा कमी मिळाल्याने भार हलका होतो आणि मोटर जास्त वेगाने फिरते. सूर चढला की बंद करा, नळीत काही अडकलंय का ते बघा, मग फिल्टर काढा.

म्हणून पहिली सुधारणा सायक्लोनची. प्लास्टिकचा उलटा शंकू मिळतो. हवा त्यात बाजूने शिरते, गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या बादलीत पडतात आणि तुलनेने स्वच्छ हवा वरून मशीनकडे जाते. गाळ्यातला भुसा, करवतीचा चुरा, छिलके, स्क्रू हे जवळजवळ सगळं बादलीतच राहतं. ड्रममध्ये जाते ती फक्त बारीक भुकटी. 20 मिमी भोकाच्या चाचणीत सायक्लोन लावल्यावर 60 चे 52 झाले. एवढी ओढ पहिल्याच दिवशी जाते, हे मान्य करून चालायचं. पण महिन्याभराने फिल्टर न झटकताही आकडा 47 होता.

बादली निवडताना मात्र चूक होते. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली सगळ्यांच्या घरी असते आणि सगळे तीच लावतात. हिशेब करा: झाकणाचा व्यास 30 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 0.07 चौरस मीटर. नळीचं तोंड गालिच्यावर चिकटलं आणि आत 18 किलोपास्कलची पोकळी झाली, की त्या झाकणावर बाहेरून सव्वाशे किलोच्या आसपास दाब पडतो. झाकण खाली वाकतं, बादलीचं अंग ‘भक्क’ करून आत जातं, आणि एकदा दुमडलेली बादली त्याच रेषेवर पुन्हा दुमडते. उपाय दोन. झाकणाच्या आतून 12 मिमी प्लायवूडची चकती बोल्टने कसा आणि एका बादलीत दुसरी बादली घालून अंग दुहेरी करा. किंवा सरळ जाड एचडीपीईचा (कडक प्लास्टिकचा), कड्याने आवळायच्या झाकणाचा निळा ड्रम घ्या. असे जुने ड्रम एमआयडीसीच्या आसपास भंगारवाल्यांकडे मिळतात. आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारल्याशिवाय मात्र घेऊ नका.

सायक्लोनच्या बुडाशी गळती चालतच नाही. मशीनच्या झाकणाशी थोडी हवा शिरली तर फक्त ओढ कमी होते. बादलीत हवा शिरली तर ती खालून वर उसळते आणि जमलेला भुसा उचलून पुन्हा मशीनकडे नेते. ‘सायक्लोन काम करत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच गळतीची असते. बेसखाली गॅस्केट, बोल्टखाली रुंद वायसर, कडेने सिलिकॉन, आणि सिलिकॉन लावल्यावर 24 तास हात लावू नका. मग पंखे बंद करून मशीन चालू करा, नळीचं तोंड तळहाताने बंद करा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेटती उदबत्ती सांध्यांजवळून हळू फिरवायला सांगा. जिथे धुराची रेघ आत ओढली जाते तिथे फट आहे. उदबत्ती लावण्याआधी आसपासचा भुसा आणि थिनर बाजूला करा. बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. भुसा शंकूच्या तोंडाला लागला की पुढचं सगळं थेट फिल्टरवर.

फिल्टरबाबत सोबतचा कापडी बाजूला ठेवा. अंधारात मशीनच्या हवा बाहेर पडण्याच्या जाळीसमोर टॉर्च आडवी धरली की त्याच्यातून काय निसटतं ते प्रकाशात नाचताना दिसतं. एमडीएफची (लाकडाच्या भुकटीच्या दाबलेल्या फळीची) आणि पुट्टीची ती धूळ थेट छातीत जाते. घडीचा कार्ट्रिज फिल्टर घ्या, एच13 (अतिबारीक धूळ अडवणारा दर्जा) मिळाला तर उत्तम, आणि घेण्याआधी मशीनच्या जाळीचा व्यास व उंची कॅलिपरने मोजा. साफ करताना आपटू नका, घड्यांत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. कॉम्प्रेसरची हवा 2 बारवर, आतून बाहेर, एक वीत अंतर ठेवून. धुता येणारा असेल तर साध्या पाण्याने धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका: ओल्या घड्यांवर धूळ बसली की तिचा काला होतो आणि वाळल्यावर सिमेंटसारखा घट्ट धरतो. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. जुलैत ठाण्यात पंख्याखाली तीन दिवस ठेवूनही घडीच्या तळाशी ओल सापडते आणि आठवड्यात बुरशीचा वास येतो. दोन फिल्टर ठेवा आणि आलटून पालटून वापरा.

सोबतची नळी दीड मीटरची असते आणि हँडलपासून चार बोटांवर चिरते, कारण सगळं वळण तिथेच पडतं. टोकाचा कफ नळीवर आट्यांनी बसलेला असतो. तो फिरवून काढा, चिरलेला भाग कापा, कफ परत फिरवा. पाच मिनिटांचं काम, नवी नळी घ्यायची गरज नाही. गाडीसाठी तीन मीटर हवी, म्हणजे ड्रम न हलवता चारही दारं होतात. त्याहून लांब घेतली तर घर्षणात ओढ जाते. आतला व्यास 35 मिमीच्या खाली नको. गाळ्यात साध्या पीव्हीसी नळीचा आणखी एक त्रास म्हणजे स्थिर विजेचे झटके. थंडीत हवा कोरडी झाली की एमडीएफ ओढताना ते चांगलेच जाणवतात. पावसाळ्यात नाव नाही. अँटिस्टॅटिक नळी आणि अर्थिंग असलेलं मशीन, किंवा नळीवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थ केलेल्या लोखंडी टेबलाला जोडणं, हा त्यावरचा उपाय.

गाडीसाठी सगळ्यात उपयोगी नोझल घरी केलेलं आहे. 32 मिमी पीव्हीसी पाइपचा दीड फुटाचा तुकडा, एक टोक हीट गनने मऊ करून दोन फळ्यांमध्ये 10 मिमीपर्यंत दाबलेलं, थंड झाल्यावर कडा सँडपेपरने गोल केलेल्या. नळीत सैल बसला तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. सीट आणि कन्सोलमधली फट, सीटचे रूळ, सीटबेल्टच्या बकलाची खाच, सगळीकडे तो पोचतो. एसीच्या जाळीशी एका हाताने रंगाचा एक इंची ब्रश फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने नळीचं तोंड बाजूला धरायचं. गणपतीला गावी जाऊन आलेल्या गाडीत कोकणातली तांबडी माती असते. तिला आधी पाणी लावू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने सुटी करा, ओढून घ्या, मग शाम्पू. ओली केली की ती कापडाच्या धाग्यात डागासारखी उतरते.

पावसात पायाखालचा गालिचा भिजला तर वरून ओढून भागत नाही. खालच्या जाड नमद्यात पाणी धरून राहतं. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी क्लिपांतून उचला, गालिचा वर घ्या आणि नमदा हाताने दाबत दाबत ओढा. फक्त पुढची डावी बाजू ओली असेल तर बहुधा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदलेली असते. गाडीखाली तिचं तोंड शोधा, व्हॅक्यूमची नळी त्याला लावून भोवती ओलं फडकं आवळा, मिनिटभर ओढा. शेवाळी गाळाची गुठळी ड्रममध्ये येऊन पडते आणि एसी लावल्यावर गाडीखाली पुन्हा थेंब पडायला लागतात.

पाणी ओढताना कार्ट्रिज काढून स्पंज चढवायचा आणि सायक्लोन बाजूला ठेवायचा. ड्रम भरला की आतला तरंगता चेंडू वर येऊन मोटरचं तोंड बंद करतो. फेसाने मात्र तो उचलला जात नाही. सीटला शाम्पू लावून ओढताना फेस सरळ पंख्यात आणि मोटरमध्ये जातो. कमी फेसाचा शाम्पू वापरा, ड्रममध्ये आधीच थोडा डिफोमर (फेस मारणारं द्रव) टाका, निम्मा भरला की ओता. काम झाल्यावर ड्रम धुवा, रिकामं मशीन तीन मिनिटं चालवा आणि झाकण उघडं ठेवून द्या. खाडीजवळच्या दमट हवेत झाकणाच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा गंजतात. मे संपता संपता त्यांना थोडं ग्रीस लावलं तर पावसाळा निभावतो.

विजेचं थोडक्यात: 1400 वॅटला 230 व्होल्टवर 6.1 अँपिअर लागतात, त्यामुळे 6 अँपिअरचा सॉकेट नको, 16 चाच वापरा. एक्स्टेन्शनची वायर दीड चौरस मिमीची, तीन कोअरची, आणि चक्रीवर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण सोडलेली. पार्किंगची फरशी ओली असते, तेव्हा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पेट्रोल, थिनर, गरम राख आणि ग्राइंडरच्या ठिणग्या या मशीनने कधीही ओढू नका. ठिणगी भुशाच्या फिल्टरमध्ये तासभर धुमसत राहू शकते.

मोटरच्या दोन गोष्टी बघाव्या लागतात. ती गार करणारी हवा वेगळ्या जाळीतून येते, फिल्टरमधून नाही. गाळ्यातली उडती धूळ त्या जाळीवर साचते. महिन्यातून एकदा ब्रशने काढा. दुसरं म्हणजे कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे ब्रश. प्लग काढून, डोकं उघडून 11 महिन्यांनी मोजले तेव्हा 32 मिमीचे 24 झाले होते, म्हणजे अजून बरंच आयुष्य आहे. 7 मिमी उरले की बदलायचे. त्याआधीच जाळीतून मोठ्या निळ्या ठिणग्या दिसल्या किंवा जळका वास आला तर लगेच उघडा. कार्बन घ्यायला जाताना जुना सोबत न्या, रुंदी आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरनेही चुकता कामा नये, आणि जोडीने बदला. नवा कार्बन सपाट असतो आणि तो ज्यावर घासतो तो तांब्याचा कम्युटेटर गोल, त्यामुळे बसवल्याबरोबर पूर्ण व्होल्टेज दिलं तर एका कडेवर ठिणग्या उडून तांबं जळतं. मोटर भरणाऱ्याकडे डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) असतो. त्यावर 115 व्होल्टला अर्धा तास रिकामी चालवून घ्या, म्हणजे कार्बन घासून गोलाईवर बसतो.