पाथफाइंडरमधले रून: काही महिने खेळल्यानंतर

गेले काही महिने आमचा ग्रुप पाथफाइंडर या टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेमची दुसरी आवृत्ती खेळतोय, जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी व्यक्ती) मी आहे. त्याआधी आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या तशाच गेमची पाचवी आवृत्ती खेळायचो. तिथे ‘+2’वाली (फाशाच्या आकड्यात दोन मिळवणारी जादूची) तलवार मिळाली की ‘+1’वाली पिशवीत जायची आणि पुन्हा तिचं कोणी नावही काढायचं नाही. पैझो या प्रकाशकाने 2019 मध्ये आणलेल्या पाथफाइंडरच्या या आवृत्तीत शस्त्राची जादू त्यावर कोरलेल्या रूनमध्ये, म्हणजे जादूच्या चिन्हात असते, आणि रून एका शस्त्रावरून उतरवून दुसऱ्यावर चढवता येतो. या एका नियमासाठी मी ही सिस्टीम कोणालाही सुचवेन.

आमच्यातल्या एकाचं पात्र ड्वॉर्फ (बुटक्या, दणकट जमातीतलं) आहे, आजीची कुऱ्हाड घेऊन घराबाहेर पडलेला. चौथ्या लेव्हलला एका थडग्यात ‘+1 स्ट्रायकिंग’ लाँगसोर्ड (लांब तलवार) हाती लागली, म्हणजे तिच्यावर दोन रून: फटका लागायची शक्यता वाढवणारा ‘+1’चा पोटेन्सी आणि नुकसानाचे फासे वाढवणारा स्ट्रायकिंग. आधीच्या गेममध्ये आजीच्या कुऱ्हाडीचा प्रवास तिथेच थांबला असता. इथे गावातल्या कारागिराकडे मुक्काम ठोकला, रूनच्या किमतीचे दहा टक्के भरले (पोटेन्सीची किंमत 35, स्ट्रायकिंगची 65, म्हणजे दोन्ही मिळून दहा सोन्याची नाणी) आणि दोन्ही रून कुऱ्हाडीवर आले. पुढच्या लढाईत एकाच्या जागी दोन डी-आठ (आठ बाजूंचे फासे) उचलताना त्याने आधी आजीचं नाव घेतलं, मगच फासे टाकले.

‘+1’ ऐकायला किरकोळ वाटतो, पण इथे लागणाऱ्या आकड्यापेक्षा दहाने जास्त आलं की क्रिटिकल (जास्त जोराचा फटका) होतो, त्यामुळे तो एक आकडा फटका लागण्याची आणि क्रिटिकलची, दोन्ही शक्यता वाढवतो. खरी मजा मात्र शस्त्राला खास गुण देणाऱ्या प्रॉपर्टी रूनमध्ये आहे. पोटेन्सी जेवढी, तेवढ्याच जागा, म्हणजे ‘+1’ शस्त्रावर एकच. त्या एका जागेवरून आमच्याकडे तासभर खल चालतो. फेकलेली कुऱ्हाड लगेच हातात परत आणणारा रिटर्निंग घ्यायचा, की भुतांना नीट लागणारा घोस्ट टच? आठव्या लेव्हलला 500 नाण्यांचा फ्लेमिंग आला की आणखी पंचाईत, कारण प्रत्येक फटक्याला एक डी-सहा आगीचं नुकसान कोणाला नको असतं? तीन नाण्यांचा रूनस्टोन घेऊन जास्तीचा रून त्यावर ठेवता येतो. तिथून शस्त्रावर चढवायला पैसे लागत नाहीत, फक्त एक दिवस जातो. भुतांच्या वाड्यात शिरण्याआधी थांबून तयारी करायला लावणारा हा नियम मला फार आवडतो.

एक गोष्ट मात्र खटकते. राक्षसांचे आकडे हे रून तुमच्याकडे असणारच असं धरून ठरवलेले आहेत. चौथ्या लेव्हलला स्ट्रायकिंग, दहाव्याला ‘+2’ (935 नाणी), बाराव्याला ग्रेटर स्ट्रायकिंग (1,065 नाणी) हे वेळेवर मिळालं नाही, तर लढवय्या मागे पडतो. मग हौसेच्या वस्तूंना पैसे उरत नाहीत, आणि जीएमला खजिन्याचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. यावर गेममास्टरी गाइड या पुस्तकातला ‘ऑटोमॅटिक बोनस प्रोग्रेशन’ हा पर्यायी नियम चांगला आहे: हे बोनस लेव्हलनुसार पात्रालाच मिळतात आणि विकत घ्यायला उरतात फक्त प्रॉपर्टी रून. नव्या ग्रुपने तो पहिल्या दिवसापासून लावावा. नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, त्यामुळे पुस्तक घेण्याआधी रूनचं पान तिथे बघून घ्या.