ब्लोअर, ऑइल हीटर, रॉड हीटर की एसी: कुणाचं काय बिघडतं आणि कुठला घ्यावा

थंडी पडली की माळ्यावरचा हीटर खाली येतो आणि पहिल्याच रात्री तक्रारी सुरू होतात. खोली तापत नाही, मध्येच बंद पडतो, जळका वास येतो. मग नवा घ्यायचं डोक्यात येतं. त्याआधी एक साधा हिशेब बघा. कॉइल किंवा रॉड तापवून ऊब देणारा कुठलाही विजेचा हीटर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. २००० वॅटचा हीटर तासभर सलग चालला की २ युनिटं जळणारच, मग तो ब्लोअर असो नाहीतर ऑइलचा. ‘कमी विजेत जास्त ऊब’ असं खोक्यावर छापलेलं असलं तरी मनावर घेऊ नका. निवड करायची ती ऊब कुणाला हवी, किती लवकर हवी आणि किती वेळ हवी, यावर.

वासाबद्दल आधीच सांगून टाकतो. मोसमात पहिल्यांदा लावल्यावर येणारा वास साठलेल्या धुळीचा असतो. खिडकी उघडून थोडा वेळ चालवला की जातो. प्लॅस्टिक वितळल्यासारखा वास मात्र एकदाही आला तरी प्लग काढायचा.

ब्लोअर सगळ्यात उतावळा. चालू केला की मिनिटाभरात गरम झोत येतो, लहान खोली थोड्या वेळात सुसह्य होते, आणि बंद केला की ऊब तितक्याच लवकर उडून जाते. कामापुरता लावायला उत्तम, रात्रभराला नाही: पंख्याचा आवाज झोपू देत नाही आणि झोत एकाच अंगाला लागत राहतो. त्याची नेहमीची तक्रार म्हणजे दहा मिनिटं चालतो आणि गप्प बसतो. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. मागच्या जाळीवर धुळीचा थर बसलेला असतो, हवा आत शिरत नाही, कॉइल जास्त तापते आणि आतला कटआउट वीज तोडतो. प्लग काढून अर्धा तास थंड होऊ द्या, जाळी कोरड्या ब्रशने झाडा, भिंतीपासून पुढे ओढून ठेवा. पंखा फिरतोय पण हवा गारच, असं असेल तर कॉइल किंवा थर्मल फ्यूज (हीटर फार तापला की उडून वीज तोडणारा) गेलेला असू शकतो. हा फ्यूज एकदा उडाला की बदलावाच लागतो. तो काढून तार थेट जोडून देणारे कारागीर भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका. उलट पंखा बंद आणि कॉइल लाल दिसली तर प्लग काढा आणि हीटर बाजूला ठेवा. नवा ब्लोअर घ्यायचाच तर सिरॅमिकचा घ्या. त्यातली पट्टी तापली की तिचा रोध वाढतो आणि वीज आपोआप कमी खेचली जाते.

ऑइल हीटरच्या वाट्याला तक्रारी कमी आणि गैरसमज जास्त. ‘ऑइल संपलं असेल, भरून आणू का?’ हा हमखास प्रश्न. त्यातलं तेल जळत नाही, त्यामुळे संपतही नाही. ते सीलबंद असतं आणि फक्त उष्णता धरून ठेवतं. खाली तेलाचा डाग दिसला तर मात्र गळती आहे, तो हीटर मोडीत काढा. सुरुवातीला येणारा टक-टक आवाज पत्रा तापून प्रसरण पावल्याचा असतो, घाबरण्यासारखं काही नाही. खोली तापायला अर्धा-पाऊण तास जातो, म्हणून झोपायच्या आधी लावून ठेवावा लागतो. अजिबात सुरूच होत नसेल तर खालची जमीन बघा. जाड गालिच्यावर किंवा उतारावर ठेवला की कलण्याचा स्विच त्याला चालू होऊ देत नाही. सपाट फरशीवर आणा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. आणि मध्येच हीटरवरचा दिवा विझला तर थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरवलेली ऊब आली की वीज थांबवणाऱ्या स्विचने, आपलं काम केलं असं समजा.

‘ऑइल हीटर हवा कोरडी करत नाही’ हे दुकानात छातीठोकपणे सांगतात. यात अर्धंच तथ्य आहे. हवेतलं पाणी कुठलाच हीटर पीत नाही, पण हवा तापली की सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकेल त्याच्या तुलनेत हवेत असलेला ओलावा, घसरते. १० अंशांची हवा २० अंशांवर नेली तर ही आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. ऑइल हीटर झोत मारत नाही म्हणून घसा आणि डोळे कमी कोरडे वाटतात, इतकंच.

क्वार्ट्झ किंवा हॅलोजनचा रॉड हीटर समोरच्याला तापवतो, खोलीला नाही. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला, किंवा छत उंच आणि दारं सतत उघडी असलेल्या हॉलमध्ये हाच शहाणपणाचा, कारण तिथे हवा तापवणं म्हणजे पैसे उडवणं. ‘खोली तापत नाही’ ही तक्रार याच्याबद्दल असेल तर चूक निवडीची आहे. दोनपैकी एकच रॉड पेटत असेल तर रॉड बदलून मिळतो. मात्र लहान मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात मी हा सुचवणार नाही. जाळी असली तरी ती तापते, आणि पडदा-पांघरूण किमान मीटरभर लांब हवं.

रोज पाच-सहा तास ऊब लागत असेल आणि घरात गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी असेल, तर आधी तोच वापरा. तो उष्णता तयार करण्याऐवजी बाहेरून आत ओढतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. बाहेर गोठणबिंदूच्या आसपास गारठा असेल तर कमी. अशा थंडीत तो मध्येच काही मिनिटं गार पडतो आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघते. तिथे जमलेलं दव-बर्फ वितळवण्याचा तो भाग आहे, मेकॅनिकला बोलवू नका.

गॅसच्या हीटरबद्दल थोडक्यात: बंद बेडरूममध्ये नाही म्हणजे नाही. गॅस नीट जळला नाही की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली किंवा डोकं जड झालं तर हीटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

हीटर कुठलाही असो, बिघाडाची जागा पुष्कळदा भिंतीवर असते. २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर, आणि मोबाइल चार्जरचं लहान ६ अँपिअरचं सॉकेट एवढ्या भारासाठी नसतं. तासभर चालवून, स्विच बंद करून प्लग बाहेर काढा आणि नीट बघा: पिनेवर काळपट डाग, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळसर झालेलं प्लॅस्टिक, हाताला चटका. यातलं एकही दिसलं तर १६ अँपिअरचं सॉकेट बसवून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नकोच. हीटर आणि गीझर एकाच लाइनवर असतील तर भार जास्त होऊन एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पडू शकतो. ओलसर जागी पडून राहिलेला हीटर लावताच आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल, तर एलिमेंटमध्ये, म्हणजे तापणाऱ्या भागात, ओल शिरलेली असू शकते. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय पुन्हा लावू नका.

खरेदीचं बोलायचं तर चौरस फुटाला १० वॅट हा ढोबळ आडाखा धरा. १२० चौरस फुटांच्या बंद खोलीला १२०० वॅट पुरतात. रात्रभरासाठी आणि मुलांच्या खोलीसाठी ऑइल हीटर, दहा-पंधरा मिनिटांच्या गरजेला ब्लोअर, बसल्या जागी ऊब हवी असेल तर रॉड. २००० वॅटचा लावूनही खोली तापत नसेल तर दुसरा हीटर आणण्याआधी दाराच्या फटीजवळ हात धरून बघा. गार झोत लागला तर फटीला रबरी पट्टी लावा, रात्री जाड पडदे ओढा, आणि दोन दिवसांनी ठरवा.