अकरा घरांची गोधडी : आठ महिने वापरल्यावर

आईची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. दुसऱ्या मजल्यावरची चौदा बिऱ्हाडं विरार, बदलापूर, कांदिवली अशी पांगली आणि आई माझ्याकडे डोंबिवलीला आली. आठवण म्हणून सगळ्यांचा फोटो छापलेले कप करू, असं कोणीतरी सुचवलं होतं. आई म्हणाली, "कप घासताना फुटतो. मला एकेक कापड द्या, गोधडी शिवून घेते."

अकरा घरांतून कापडं आली. चौदा नंबरच्या काकू मात्र कोरी साडी घेऊन आल्या आणि तिथे पहिली कुरबुर झाली, कारण गोधडीला वापरलेलंच कापड लागतं. नव्या कापडात खळ असते, ते अंगाला खरखरतं आणि सुईलाही जड जातं. शेवटी त्यांच्या यजमानांचा बेस्टमधला खाकी शर्ट मिळाला. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

शिलाईला आईच्या माहेरच्या ओळखीतल्या, वाईकडच्या एक मावशी मिळाल्या. मजुरी अडीच हजार, माप पाच बाय सात फूट. कापडं मे महिन्यात दिली, जूनअखेर देते म्हणाल्या आणि गोधडी हातात पडली ऑगस्टच्या शेवटी. मध्ये भातलावणी आली. त्याबद्दल रागावता येत नाही, पण पावसाळ्याच्या आधी हवी असेल तर कापडं होळीलाच पोचवा.

आता वापराचं. मी गोधडी घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग तिच्याशिवाय. फरक सव्वादोन किलो. पहिल्या रात्री हे वजन जाणवतं, चौथ्या रात्री त्याच्याशिवाय झोप लागत नाही. आत सहा-सात पदर आहेत. खालच्या बाजूला आजीचं लुगडं लावलंय. आम्ही ती बाजू अंगाकडे घेतो, कारण चाळीस वर्षं धुतलेल्या सुतासारखं मऊ दुसरं काही नाही. डोंबिवलीत थंडी ती कितीशी, पण जानेवारीत वाईला नेली तेव्हा दोघींना एक पुरली. आता उन्हाळ्यात आई ती पंख्याखाली अंथरते.

टाका साधा धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असं फिरत फिरत मध्यावर यायचं. मधला तळहाताएवढा चौकोन बंद करायच्या आधी मावशींनी त्यात भाकरीचा वाळका तुकडा ठेवला, असं त्यांनी देताना सांगितलं. "मुंग्या लागतील की," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "लागू देत. गोधडी उपाशी ठेवायची नसती." मुंग्या अजून लागलेल्या नाहीत. पहिल्या धुण्यातच त्या तुकड्याचा लगदा झाला असणार, पण आई अजून मधोमध चाचपून बघते.

धुणं हा खरा त्रास. सप्टेंबरात मशीनमध्ये टाकली. पाणी पिऊन ती इतकी जड झाली की पिळताना मशीन धडधडत बाथरूमच्या दारापर्यंत चालत आलं. त्यात सहा नंबरच्या खणाचा लाल रंग सुटला आणि शेजारचे दोन पांढरे तुकडे गुलाबी झाले ते कायमचे. चूक आमची. खण, गडद इरकल, जे काही रंग सोडेल असं वाटतं ते शिवायला देण्याआधी वेगळं मिठाच्या पाण्यात भिजवून बघायला हवं होतं. आता मोठ्या टबात कोमट पाण्यात पायांनी तुडवून धुते आणि दोघी मिळून दोन टोकांनी पिळतो. भाद्रपदात वाळायला तीन दिवस लागले, तरी मधल्या पदरांचा कुबट वास गेला नाही. तो ऑक्टोबरच्या उन्हानेच गेला. पावसाळ्यात धुवूच नका. घडीत डांबरगोळ्या न घालता कडुनिंबाचा वाळका पाला घालते.

कोणतं कापड टिकलं? खाकी शर्ट अगदी जसाच्या तसा आहे. आईने खिसा उसवू दिला नाही, त्यामुळे आता तिचा चष्मा रात्री त्या खिशात असतो. सुती साड्यांचे तुकडे धुण्यागणिक छान होताहेत. टेरिकॉटच्या तुकड्यावर टाके ओढले गेलेत, तिथे चुण्या पडल्यात. जरीचा काठ कोणी कितीही प्रेमाने दिला तरी घेऊ नका, जर सुटून गालाला टोचते. पहिला विरला तो तोच.

मावशींबद्दल एक तक्रार आहे. दोरा कच्चा होता. चौथ्या महिन्यात मधल्या चौकोनांचे टाके तुटायला लागले. फोन केला तर "जुन्या रिळाचा असेल" एवढंच उत्तर. तेवढा भाग आईने दुहेरी दोऱ्याने पुन्हा घातला. दोरा स्वतः आणून द्या.

नावांचाही एक प्रयोग झाला. माझी पुतणी न्यू जर्सीला असते. तिने फोटो पाहून सांगितलं की अमेरिकेत १८४० च्या सुमारास अशा मैत्रीच्या गोधड्यांची लाटच आली होती. ज्याचा तुकडा तो त्यावर न पुसणाऱ्या शाईने सही करायचा आणि पश्चिमेकडे निघालेली कुटुंबं त्या सोबत न्यायची. मग आमच्या मुलांनी लगेच मार्करने नावं लिहिली. आमची शाई तीन धुण्यांत गेली. आईने नावांच्या भानगडीत न पडता साखळी टाक्याने खोलीचे नंबर घातले होते. ते आहेत. चाळीत तसंही कोण कोणाला नावाने ओळखायचं?

मी एकदा हिला "जुनेर" म्हटलं तर आईने जनाबाईच्या वाकळेची गोष्ट काढली. काकडआरतीच्या घाईत विठ्ठल तिची वाकळ पांघरून देवळात गेला आणि पदकाच्या चोरीचा आळ जनीवर आला, ती. त्यानंतर मी तो शब्द वापरत नाही.

सगळ्यात मोठा वाद मात्र कापडावरून नाही, जागेवरून झाला. मावशींनी आपल्या हिशेबाने जे धड ते वर लावलं आणि जे विरलेलं, मऊ ते आत घातलं. त्यामुळे आठ घरं वर आली आणि तीन आत गेली. आठ नंबरच्या काकूंची जांभळी साडी आत. गोधडीचा फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा सगळ्यांनी आपापला तुकडा ओळखला. काकूंनी फक्त विचारलं, "माझी कुठाय?" आत आहे, तीच तर ऊब देते, असं मी लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला. चाळीत बावीस वर्षं ज्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली असायची, त्यांचा नुसता अंगठा. शिवणाऱ्या बाईंना आधीच सांगा : प्रत्येक घराचा वीतभर का होईना, तुकडा वर हवा.

गेल्या आठवड्यात जरीच्या काठाची जागा पार फाटली. ठिगळ लावायला मी खोका काढून बसले, तर भोकातून जांभळं दिसलं. आई म्हणाली, थांब. तिने ठिगळ लावलंच नाही. फाटलेल्या कडा आत दुमडून भोवताली बारीक टाका घातला, खिडकीसारखा, आणि कडेला साखळी टाक्याने ८ काढला. फोटो मी पाठवला. दहा मिनिटांत विरारहून फोन आला, तो अजून चालू असताना कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि गॅस मी बंद केला.