नऊ महिने थंडरबर्ड: ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणतं तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं

गणपतीच्या आधी आठ दिवस प्रेसमधल्या तिन्ही कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, म्हणजे सगळी मेल खाती एकाच जागी दाखवणारा प्रोग्राम, बसवलं. आता मे संपत आलाय, लग्नसराईचा जोर ओसरलाय, म्हणून लिहायला बसलोय. बसवल्याबसवल्या लिहिलं असतं तर ‘फुकट आहे, छान आहे’ एवढंच लिहिलं असतं. मधे जे काय झालं ते झाल्याशिवाय यातलं निम्मं कळलंच नसतं.

आमचं कराडला छोटं ऑफसेट प्रेस आहे. पत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. मजकूर हल्ली व्हॉट्सॲपवर येतो, पण फायनल पीडीएफ आणि लोगोच्या फायली मेलवरच मागवतो, कारण व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छापायच्या लायकीचा राहत नाही. खाती चार: प्रेसचं जीमेल, स्वतःच्या डोमेनचं एक (वेबसाइटबरोबर मिळालेलं), वडिलांच्या काळातलं याहू, कारण दोन जुनी गिऱ्हाइकं अजून तिथंच मेल टाकतात, आणि बायकोच्या नावाचं आउटलुक, ज्यावर जीएसटीचं सगळं येतं. ब्राउझरमध्ये एकातून बाहेर पडा, दुसऱ्यात शिरा, यात एकदा पाटलांच्या पत्रिकेचं प्रूफ बायकोच्या खात्यातून गेलं. त्या दिवशी ठरवलं, सगळं एका खिडकीत पाहिजे.

जीमेल जोडताना पहिलाच अर्धा दिवस गेला, आणि त्यात चूक आमचीच होती. डीटीपीवाल्या पोराने कुठलासा जुना व्हिडिओ लावला. त्यात ‘लेस सिक्युअर ॲप्स’चं बटण चालू करा म्हणून सांगितलेलं. ते बटण काही सापडेना. सापडणार कुठून? साध्या जीमेल खात्यांसाठी गूगलने ती वाट ३० मे २०२२ पासून बंदच केलीय. नेहमीचा पासवर्ड तिसऱ्याच प्रोग्रामच्या हातात द्यायचा, ही पद्धत गेली. आता थंडरबर्ड गूगलचं स्वतःचं लॉगिनचं पान उघडतं, आपण पासवर्ड त्या पानावर टाकतो, ‘परवानगी द्या’ म्हणतो, आणि थंडरबर्डला फक्त एक परवाना मिळतो. याला ओऑथ२ म्हणतात. सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशनच्या पुढे ‘नॉर्मल पासवर्ड’ राहिलं असेल तर जीमेलचा पासवर्ड अगदी सोन्याच्या अक्षरांत टाकला तरी चुकीचाच म्हणणार. तिथं ‘ओऑथ२’ निवडलं की झालं.

आमचं तरी लगेच झालं नाही. लॉगिनचं पान यायचं, पासवर्ड घ्यायचं, परत पहिल्यासारखं कोरं. चारदा तेच. शेवटी पोराच्या लक्षात आलं, ‘काका, तुम्ही कुकीज बंद केल्यात.’ खरंच केल्या होत्या. बसवल्याबरोबर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये शिरून जे जे दिसलं ते शहाणपणाने बंद करत सुटलो होतो. ते लॉगिनचं पान थंडरबर्डच्या आतच उघडतं, त्यामुळे त्याला कुकी, म्हणजे ओळख लक्षात ठेवायची चिठ्ठी, लागते. चालू केली, दोन मिनिटांत मेल धडाधड उतरायला लागले.

आउटलुकचंही तेच: तिथंही साध्या पासवर्डची वाट १६ सप्टेंबर २०२४ ला बंद झालीय, ओऑथ२ च निवडायचं. याहू मुकाट्याने जोडलं गेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरी गंमत झाली डोमेनच्या खात्यावर. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे पत्रिकांची रांग लागते. त्याच आठवड्यात होस्टिंग कंपनीची (आमची वेबसाइट आणि मेल जिच्या सर्व्हरवर आहेत ती) सूचना आली म्हणून मी त्या खात्याचा पासवर्ड बदलला. थंडरबर्डने नवा मागितला, टाकला, मेल यायला लागले. मला वाटलं मिटलं. संध्याकाळी प्रूफ पाठवायला गेलो तर ‘लॉगिन फेल’. आता मेल येतायत म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, मग जात का नाहीत? तर येण्याचा दरवाजा वेगळा आणि जाण्याचा वेगळा. येणारे मेल आयमॅप नावाच्या पद्धतीने येतात, पोर्ट (म्हणजे दाराचा नंबर) ९९३. जाणारे एसएमटीपी नावाच्या पद्धतीने जातात, पोर्ट ४६५ किंवा ५८७. आणि थंडरबर्ड दोन्हींचे पासवर्ड वेगवेगळे साठवतं. मी एकाच कुलपाची किल्ली बदलली होती. जाणाऱ्या सर्व्हरचं सेटिंग येणाऱ्याच्या ‘सर्व्हर सेटिंग’च्या पानावर नसून डाव्या यादीत पार तळाला, ‘आउटगोइंग सर्व्हर’ म्हणून वेगळं आहे. ही मांडणी मला अजून पटलेली नाही, पण एकदा कळली की विसरत नाही. सोपा उपाय म्हणजे सेटिंगमध्ये ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडायचं आणि त्या सर्व्हरच्या नावाच्या दोन्ही ओळी उडवायच्या. पुढच्या वेळी तेच विचारतं.

पण हे कळेपर्यंत पोराने ‘रिट्राय’ दाबून दाबून बोट झिजवलं होतं. आणि मग चित्रच पालटलं. आधी ‘पासवर्ड चुकीचा’ येत होतं, आता ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ यायला लागलं. तिन्ही कॉम्प्युटरवर. येणारे मेलही बंद. मी परत पासवर्ड बदलायला निघालो होतो. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत.

या दोन वाक्यांतला फरक त्या दिवशी शिकलो. ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणजे दारावरचा माणूस आपल्याशी बोलला आणि नाही म्हणाला. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे दारापर्यंत आपण पोचलोच नाही. तिथं पासवर्डचा संबंधच येत नाही, कितीही बदला. मग वाट कुठं अडलीय हे बघायचं. मी फोनचा वायफाय बंद केला, मोबाइल डेटावर तेच खातं उघडून बघितलं, तर उघडलं. वायफाय लावला, बंद. आणखी एक गोष्ट: प्रेसच्या इंटरनेटवरून बाकी सगळं जग उघडत होतं, फक्त आमची स्वतःची वेबसाइट उघडत नव्हती. वेबसाइट आणि मेल एकाच सर्व्हरवर. म्हणजे त्या सर्व्हरने आमच्यासाठी दार लावून घेतलंय.

होस्टिंगवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला. ‘सर, तुमच्या ऑफिसचा आयपी ब्लॉक झालेला दिसतोय.’

‘अहो, पण मी केलं काय?’

‘सर, चुकीचे लॉगिन फार आले तर सिस्टीम आपोआप ब्लॉक करते. काढून देतो, तासाभरात चालू होईल.’

चालू झालं. प्रूफ गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला परत बंद. परत फोन, परत ‘काढून देतो सर’. दुपारी परत बंद. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा पलीकडचा पोरगा म्हणाला, ‘सर, चुकीचे लॉगिन अजून येतायत.’ आता तिन्ही कॉम्प्युटरचे पासवर्ड मी स्वतः बसून तपासले होते. मग येतायत कुठून? अख्ख्या प्रेसचा बाहेर दिसणारा पत्ता, म्हणजेच तो आयपी, एकच असतो, राउटरचा, त्यामुळे आतलं कोण दार ठोठावतंय हे बाहेरच्याला कळत नाही.

काउंटरवर एक जुना फोन पडलेला असतो. काच तडकलेली, पण गाणी लावायला आणि पैसे आल्याचा आवाज ऐकायला ठेवलाय. त्यात दोन वर्षांपूर्वी हेच खातं मी टाकलं होतं आणि विसरलो होतो. पोराने वरचा पडदा खाली ओढला तर वीसेक सूचनांच्या खाली एक बारीक ओळ: साइन इन करता आलं नाही. जुना पासवर्ड घेऊन ते बिचारं दर पंधरा मिनिटांनी इमाने इतबारे दार ठोठावत होतं. खातं काढून टाकलं, ब्लॉक उठवून घेतला, त्यानंतर आजतागायत परत झालेलं नाही. दोन दिवस, तीन फोन, आणि एका वरबापाची बोलणी.

जीमेलवर असाच एक घोळ झाला, पण तो पासवर्डचा नव्हता, हिशेबाचा होता. तिन्ही कॉम्प्युटर चालू असले की तिसऱ्यावर अधूनमधून ‘फार कनेक्शन्स आहेत’ अशा अर्थाचा निरोप यायचा. एक बंद केला की दुसरा चालायचा, म्हणून आम्ही त्या कॉम्प्युटरलाच नावं ठेवत होतो. गूगल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड मुळात प्रत्येक खात्यासाठी ५ धरून ठेवतं. तीन पंचे पंधरा, आणि वर माझा फोन. खात्याच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आहे, तिथं ५ चे २ केले तिन्हीकडे. मेल थोडे सावकाश उतरतात असं पोरगा म्हणतो, मला तरी जाणवलं नाही. त्याच खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये ‘ऑल मेल’ नावाच्या फोल्डरवरची खूणही काढून टाका. स्पॅम आणि ट्रॅश सोडून जीमेलचं प्रत्येक मेल त्यातही असतं, म्हणजे डिस्कवर उगाच ओझं वाढू शकतं.

बाइंडिंगच्या खोलीतला कॉम्प्युटर ही वेगळीच कथा. रोज सकाळी चालू केला की सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तक्रार, एकही खातं जोडलं जायचं नाही. दुपारी कोणीतरी काहीतरी करायचं आणि चालायचं. ते ‘काहीतरी’ म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, रात्री मेन स्विच पाडला की तारीख थेट २००९ वर जायची. सर्व्हरच्या सर्टिफिकेटला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या मते ती तारीख अजून उजाडलीच नव्हती. सीआर २०३२ नावाचा बटणाएवढा सेल, घड्याळजीकडून आणून बसवला. असली तक्रार आली की ‘एक्सेप्शन घाला’ म्हणून डोळे मिटून पुढे जाऊ नका, आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. तारीख बरोबर असेल तर मग अँटिव्हायरसमध्ये मेल तपासण्याचं काही चालू आहे का ते. तेही मधे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतं.

झेरॉक्स-स्कॅनरचं मशिन मात्र थंडरबर्डमध्ये बसत नाही आणि ओऑथही जाणत नाही. ते स्कॅन करून थेट मेल करतं, आणि त्याला साधा पासवर्डच कळतो. अशांसाठी गूगलचा ‘ॲप पासवर्ड’ असतो: १६ अक्षरं, एकदाच दिसतो, आणि खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डशिवाय आणखी एक खात्री) चालू असेल तरच काढता येतो. मी काढला, मशिनच्या इवल्याशा पडद्यावर बोटाने सोळा अक्षरं भरली, सहा महिने सुरळीत. फेब्रुवारीत जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला आणि स्कॅनर गप्प. मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड गूगल रद्द करतं, हे मला तेव्हा कळलं. तिन्ही थंडरबर्डनीही त्याच दिवशी नव्याने लॉगिन मागितलं होतं, पण ते समोर विचारतात तरी. मशिन विचारत नाही, नुसतं ‘एरर’ म्हणून कागद काढतं. आता पासवर्ड बदलायचा झाला तर रविवारी, आणि त्याच बैठकीत मशिनचाही.

एक गोष्ट लॉगिनची वाटते पण नसते. मोठी फाइल पाठवताना अर्ध्यावर जाऊन नकार येतो आणि लोक परत सेटिंग उकरायला बसतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण फाइल मेलमधून जाताना तिचं रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे २० एमबीची पीडीएफ २६-२७ होते आणि अडू शकते. आम्ही १८ च्या वरची फाइल मेलने पाठवतच नाही, ड्राइव्हची लिंक देतो.

बाकी रोजच्या वापराबद्दल काय सांगू? चार खात्यांचे इनबॉक्स एकाखाली एक दिसतात, लाइट गेली तर यूपीएसवर जुनी मेलं उघडतात, आणि तीन वर्षांपूर्वीच्या अहवालाची फाइल शोधली की सापडते. खोडलेली मेलं ‘कॉम्पॅक्ट’ केल्याशिवाय डिस्कवरची जागा सोडत नाहीत, हे माहीत असू द्या. पीओपी, म्हणजे मेल आणायची जुनी पद्धत, मात्र निवडू नका. वडिलांच्या वेळी पीओपीच होतं, मेलं एकाच कॉम्प्युटरवर उतरायची आणि सर्व्हरवरून जायची. ती हार्डडिस्क गेली तेव्हा चार वर्षांची पत्रं तिच्याबरोबर गेली.

जॉब रजिस्टरच्या मागच्या पानावर मी सगळं लिहून ठेवलंय: सर्व्हरची नावं, पोर्ट, कुठलं खातं ओऑथवर, कुठलं साध्या पासवर्डवर. डोमेनच्या खात्याला युजरनेम म्हणून अख्खा मेल पत्ता द्यावा लागतो, अर्धा चालत नाही, हेही त्यात आहे. पासवर्ड लिहिलेले नाहीत. अडलं की आधी ब्राउझरमध्ये तेच खातं उघडून बघायचं, मग मोबाइल डेटावर, आणि त्यानंतरच थंडरबर्डला हात लावायचा, असं पोराला बजावलंय.

गेल्या सोमवारी समोरचा स्टेशनरीवाला आला. ‘अण्णा, जरा बघता का? पासवर्ड बरोबर आहे, दहादा टाकला, सकाळपर्यंत घेत होतं, आता नुसतं गोल फिरतंय.’

मी विचारलं, ‘जुना फोन कुठाय तुझा?’

‘घरी आहे. पोराला गेम खेळायला दिलाय.’

‘आणि दुकानात जुना टॅब होता, तो?’

तो काही बोलला नाही. तसाच वळला आणि गल्ल्याखालचा खण उघडायला गेला.