प्रोपेनवरची फोर्कलिफ्ट, हिवाळा-उन्हाळा वापरून झाल्यावर

न्यू जर्सीत आमच्या वेअरहाऊसला बॅटरीवाल्या जाऊन प्रोपेनच्या फोर्कलिफ्ट आल्या, त्यांचा हिवाळा उन्हाळा दोन्ही बघून झालाय म्हणून लिहितोय. मशीन दमदार आहे, पावसात यार्डात चालते, रॅम्पवर लोड घेऊन दमत नाही, चार्जिंगसाठी थांबायला लागत नाही. 33 पौंडाची टाकी आमच्याकडे जवळपास एक शिफ्ट काढते.

पण सगळा खेळ टाकी बदलताना आहे. आपल्या घरचा सिलिंडर उभा असतो आणि त्यातून वायू येतो, इथे टाकी आडवी असते आणि इंजिनाकडे द्रव जातो, त्यामुळे गळालं तर प्रकरण फार वेगळं, द्रव प्रोपेनचा वायू होताना तो साधारण 270 पट फुगतो आणि उणे 42 अंशाला उकळणारी ही वस्तू हातावर उडाली तर कातडी गोठते. म्हणून ग्लोव्हज घालायचेच. आधी टाकीचा वॉल्व बंद, इंजिन चालू ठेवून पाइपातला गॅस संपू द्यायचा, ते आपोआप बंद पडलं की मग कपलिंग, म्हणजे टाकी आणि पाइपाचा जोड, सोडायचं. नवी टाकी लावताना कपलिंगमधली ओ-रिंग (रबरी कडी) बघायची, फाटलेली असली तर टाकी लावायचीच नाही. वॉल्व हळूहळू उघडायचा, झटक्यात उघडला तर आतला सेफ्टी वॉल्व अडतो आणि पोरं म्हणतात टाकी खराब आहे. मग साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे.

टाकी ठेवायच्या जागेवर एक पिन असते, ती टाकीच्या कॉलरमधल्या, म्हणजे वॉल्वभोवतीच्या धातूच्या कड्यातल्या, भोकात बसलीच पाहिजे. तशी बसली की प्रेशर सोडणारा वॉल्व वरच्या बाजूला, वायूत राहतो. टाकी फिरून बसली तर तोच वॉल्व द्रवात बुडतो आणि उन्हात प्रेशर वाढलं की वायूऐवजी द्रव बाहेर फेकेल. नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो.

साठवणुकीचा ओशाचा (OSHA, अमेरिकेची कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियम कडक आहे आणि योग्यच आहे: जिथे बाहेरच्या लोकांची ये-जा नाही अशा इमारतीत जास्तीत जास्त 300 पौंड गॅस, म्हणजे आमच्या टाक्या फक्त 9, आणि रिकाम्या पण भरलेल्याच धरायच्या. जिना किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ ठेवायच्या नाहीत. आम्ही सगळ्या बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो. प्रोपेन हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, त्यामुळे खड्डा, गटार जवळ नको. रात्री गाडी उभी केली की टाकीचा वॉल्व बंद.

हे सगळं लोक पाळतात कारण गॅसला वास येतो. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. थंडीत शटर खाली ओढून दोन-तीन गाड्या फिरत असल्या आणि एखाद्या इंजिनाचं गॅस-हवेचं मिश्रण बिघडलेलं असलं की दुपारपर्यंत डोकी दुखायला लागतात, सगळे म्हणतात झोप नीट झाली नसेल. ओशाची मर्यादा 8 तासांच्या सरासरीला 50 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग) आहे. आम्ही डॉकवर, म्हणजे ट्रक भरायच्या जागी, त्याचा मीटर लावून घेतला, इंजिनाचं ट्यूनिंग ठरलेल्या वेळी होतं, आणि ते पुढे ढकलायला मी कुणालाच देत नाही. शटर थोडं उघडं ठेवायचं, थंडी वाजली तर जॅकेट घाला.

तुमचं काम यार्ड, डॉक, मोठं हवेशीर गोडाऊन असं असेल तर जरूर घ्या. कोल्ड स्टोरेज किंवा कंटेनरच्या आतच जास्त वेळ जात असेल तर इलेक्ट्रिकच घ्या, तिथे प्रोपेन नको.