चौदा महिन्यांच्या वापरानंतर: वाचणारा, पण लिहिण्याचे नाकारणारा डीव्हीडी रायटर

बाहेरून जोडायचा हा सडपातळ डीव्हीडी रायटर मी चौदा महिन्यांपासून वापरतो आहे. अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी त्याने डिस्क लिहिणे बंद केले. वाचणे मात्र सुरळीत चालू होते. जुन्या डिस्क तो झटकन उघडत होता. कोरी डिस्क घालून ट्रे आत ढकलला की तो ती ओळखत होता आणि रिकामी जागाही नेहमीप्रमाणे ४.३८ जीबी दाखवत होता. लिहिण्याची आज्ञा दिली की साधारण अर्धा मिनिट घरघर होई आणि ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ असा संदेश येऊन काम थांबे. काही वेळा सुरुवात होई, पण थोड्याच वेळात लेखन तुटे. पुढच्या दोन आठवड्यांत माझ्या नऊ कोऱ्या डिस्क वाया गेल्या. तो काळ आणि त्या डिस्क दुसऱ्या कोणाच्या वाया जाऊ नयेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

पहिले दहा महिने मी या ड्राइव्हवर पूर्ण समाधानी होतो, हे आधी नोंदवायला हवे. घरातली छायाचित्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फाइली मी हार्ड डिस्कवर ठेवतोच, पण त्यांची एक प्रत डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या, डिस्कवरही असावी असा माझा आग्रह असतो. एकदा लिहिलेली आणि बंद केलेली डिस्क चुकून पुसली जात नाही आणि कोणताही व्हायरस तिच्यातला मजकूर बदलू शकत नाही. त्या काळात साठेक डिस्क लिहिल्या आणि त्यांतल्या दोनच बिघडल्या. वेग मी नेहमी ४ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या चौपट, ठेवला. त्या वेगाने भरलेली डिस्क चौदा-पंधरा मिनिटांत पूर्ण होते. ८ एक्सने वाचणाऱ्या मोजक्या मिनिटांसाठी डिस्क पणाला लावावी असे मला कधी वाटले नाही. आवाज बेताचा आणि वजन हलके. केबल ड्राइव्हच्या पोटाखालच्या खाचेत दुमडून बसवता येते, ही सोय तर मला तेव्हा सर्वांत जास्त आवडली होती. याच सोयीबद्दलचे माझे मत पुढे पूर्णपणे बदलले.

बिघाड दिसल्यावर पहिला संशय अर्थातच डिस्कवर गेला. रायटर काय करतो हे ठाऊक असले, तर हा संशय अवाजवी वाटणार नाही. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर तो थर ठिकठिकाणी तापवून त्यावर खुणा उमटवतो. प्रत्येक उत्पादकाचे रंगद्रव्य आणि थराची जाडी वेगळी असल्यामुळे एकच ठरावीक शक्ती सगळ्या डिस्कना चालत नाही. म्हणून प्रत्यक्ष लेखनाआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेजवळच्या राखीव जागेत वेगवेगळ्या शक्तीने खुणा करून पाहतो आणि त्यांतली योग्य ती निवडतो. यालाच पॉवर कॅलिब्रेशन म्हणतात. एकही खूण मनासारखी उमटली नाही, तर वर सांगितलेला संदेश येतो. निकृष्ट डिस्क हे त्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. शिवाय वेष्टनावरचे नाव आणि डिस्कचा खरा उत्पादक हे वेगळे असू शकतात. डिस्कमध्ये नोंदलेला उत्पादकाचा संकेत ड्राइव्हच्या फर्मवेअरला, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या प्रोग्रामला, परिचित नसला, तर ड्राइव्ह सर्वसाधारण पद्धतीने लिहू लागतो आणि तिथे गफलत होते. म्हणून मी दुसऱ्या उत्पादकाच्या डिस्कचे लहान पाकीट आणले. त्यातल्याही पहिल्या दोन डिस्क वाया गेल्या.

त्यांतली एक उलटी करून दिव्याच्या तिरप्या उजेडात धरली. जांभळट पृष्ठभागावर आतल्या कडेला नखाएवढ्या रुंदीचे, किंचित गडद छटेचे कडे दिसत होते. याचा अर्थ तेवढ्या भागावर लेखन झाले होते. दुसऱ्या डिस्कवर असे कोणतेही कडे नव्हते. एकाच पाकिटातल्या दोन डिस्क एकाच ड्राइव्हमध्ये दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर बिघडल्या होत्या. दोष डिस्कचा असता, तर दोन्हींची गत साधारण सारखी व्हायला हवी होती, ही गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती.

त्यानंतर मी सॉफ्टवेअरकडे वळलो. विंडोज कोरी डिस्क घातल्यावर दोन पर्याय देते: ती पेनड्राइव्हसारखी वापरायची, की प्लेअरमध्ये चालेल अशी एकदाच लिहायची. मी नेहमी दुसराच पर्याय घेतो, त्यामुळे तिथे गोंधळ नव्हता. लिहिण्यासाठी वाट पाहणाऱ्या फाइली साठवणारा तात्पुरता फोल्डर रिकामा केला, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह काढून टाकून संगणक पुन्हा सुरू केला, पार्श्वभूमीला चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. मग इमगबर्न हा मोफत प्रोग्राम घेतला. विंडोजच्या मोघम संदेशापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर काय बिनसले हे नेमके सांगतो.

याच प्रोग्राममधल्या चाचणी लेखनाच्या सोयीने माझी मोठी दिशाभूल केली. डीव्हीडी-आर आणि सीडी-आर डिस्कवर खरे लेखन न करता संपूर्ण प्रक्रियेची तालीम घेता येते. डीव्हीडी प्लस-आर प्रकारात ही सोय नसते. डिस्क वाचवावी म्हणून मी आधी तालीम घेत होतो आणि ती प्रत्येक वेळी शेवटपर्यंत यशस्वी होत होती. लगेच त्याच डिस्कवर खरे लेखन सुरू केले की एरर येई. यावरून ड्राइव्ह निर्दोष आहे आणि विंडोजमध्येच काहीतरी अडते आहे असा निष्कर्ष मी काढला आणि चार दिवस त्यातच घालवले. खरी गोष्ट अशी की तालमीत डेटा ड्राइव्हपर्यंत पोहोचतो, डिस्क फिरते, लेन्सही सरकते, परंतु लेझर लिहिण्याच्या शक्तीवर जात नाही. त्यामुळे संगणक वेळेवर डेटा पुरवतो की नाही एवढेच या चाचणीतून कळते. लेझरला पुरेशी वीज मिळते की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. पुसून पुन्हा लिहिता येणारी एक डीव्हीडी-आरडब्ल्यू हाताशी ठेवली असती, तर खरे लेखन हवे तितक्या वेळा करून पाहता आले असते आणि नऊ डिस्क वाचल्या असत्या. आता तशी एक डिस्क केवळ तपासणीसाठी वेगळी ठेवली आहे.

मग ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला. पहिली डिस्क निर्विघ्न लिहिली गेली, तपासणीतही उतरली. बिघाड माझ्या संगणकात आहे अशी खात्री पटते न पटते तोच त्याच लॅपटॉपवर दुसरी डिस्क सुरुवातीलाच बिघडली. अधूनमधून दिसणारा दोष माणसाला सर्वांत जास्त दमवतो, कारण केलेला प्रत्येक उपाय एकदा तरी लागू पडल्यासारखा वाटतो.

वॉरंटीची मुदत शिल्लक असल्यामुळे मी ड्राइव्ह सर्व्हिस सेंटरमध्ये दिला. चार दिवसांनी तो ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. कशी तपासणी केली असे विचारल्यावर उत्तर मिळाले, की एक भरलेली डिस्क घालून पाहिली आणि ती नीट वाचली गेली. तक्रारीच्या अर्जात ‘वाचतो, लिहीत नाही’ असे मी स्पष्ट लिहिले होते. वाचताना लेझरला अगदी थोडी शक्ती लागते आणि लिहिताना तिच्या कितीतरी पट. त्यामुळे वाचण्याच्या चाचणीवरून लिहिण्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे काउंटरवरच्या गृहस्थांना मी दोनदा समजावले. त्यांचे म्हणणे असे पडले, की मग लेन्स कमकुवत झाली असावी आणि त्यावर नवा ड्राइव्ह घेणे हाच उपाय. मी ड्राइव्ह घेऊन घरी आलो.

कमकुवत लेझर हे कारण पूर्णपणे फेटाळण्यासारखे नव्हते. पण सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन वेगळे लेझर या ड्राइव्हमध्ये असतात. एकाने मान टाकली, तरी दुसरा बरीच वर्षे काम करू शकतो. म्हणून त्या रात्री मी एक सीडी-आर लिहून पाहिली आणि तीही बिघडली. दोन स्वतंत्र लेझर एकाच आठवड्यात निकामी होणे फारसे संभवत नाही. मग दोघांनाही लागणारी समान गोष्ट कोणती, असा विचार सुरू झाला आणि उत्तर वीजपुरवठ्यापाशी येऊन थांबले.

या ड्राइव्हला वेगळा अडॅप्टर नाही. फिरणारी मोटर, लेन्स सरकवणारी यंत्रणा आणि लेझर या सगळ्यांना त्या एका यूएसबी केबलमधूनच ५ व्होल्टची वीज मिळते. यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर प्रवाह देतो. लिहितानाची मागणी या मर्यादेच्या आसपास किंवा क्षणभर तिच्याही पुढे जाऊ शकते. म्हणूनच रायटर हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला, न जोडता थेट पोर्टला जोडावा असे सांगतात. डेस्कटॉप असेल तर समोरच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट घ्यावा हेही त्याच कारणासाठी. मी मागचा पोर्ट निवडला. तीनपैकी दोन डिस्क लिहिल्या गेल्या, तिसरी अर्ध्यावर बिघडली. दिशा बरोबर होती, पण मूळ कारण अजून पुढे होते.

ते योगायोगाने सापडले. बिघडलेली तिसरी डिस्क काढण्यासाठी मी ड्राइव्ह एका हाताने उचलला, तसा समोरचा दिवा विझला आणि उपकरण काढल्याचा विंडोजचा आवाज आला. खाली ठेवताच दिवा पुन्हा लागला. केबल जिथे पोटातून बाहेर पडते आणि लगेच काटकोनात वळून खाचेत शिरते, तो भाग मी चिमटीत धरला. बाहेरून आवरण अखंड होते, पण त्या एका जागी केबल मऊ पडली होती, आतला ताठपणा गेला होता. किंचित डावीकडे वाकवली की दिवा विझे, सरळ धरली की लागे. काम झाले की केबल खाचेत दुमडायची आणि पुढच्या वेळी ओढून काढायची, असे दहा महिने मी केले होते. त्या वळणावर आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटत गेल्या असणार. उरलेल्या तारांमधून वाचण्यापुरती वीज जात होती. लिहिताना मागणी वाढली की मात्र व्होल्टेज पडत होते. केबलमध्ये केवळ अर्ध्या ओहमचा जास्तीचा रोध निर्माण झाला, तरी एक अँपिअर प्रवाहाला अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. लॅपटॉपवर पहिली डिस्क का लिहिली गेली तेही आता उमगले. त्या वेळी ड्राइव्ह टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि केबल सरळ पसरलेली होती.

केबल तशीच सरळ राहावी म्हणून ड्राइव्हखाली पुठ्ठ्याची पट्टी ठेवून ती चिकटपट्टीने घट्ट बसवली. लागोपाठ तीन डिस्क लिहिल्या आणि तिन्ही तपासणीत उतरल्या.

या एका केबलबद्दल मी इतके लिहितो आहे, कारण बाकी सगळा ड्राइव्ह उत्तम असताना हा दोष जाणूनबुजून ठेवल्यासारखा आहे. केबल जेमतेम वीतभर लांबीची आहे आणि ती काढता येत नाही. तिच्या जागी मागे साधे सॉकेट दिले असते, तर केबल बिघडल्यावर दुसरी लावून काम भागले असते. पोर्टची वीज कमी पडते तिथे दोन पोर्टमधून वीज घेणारी दुहेरी केबलही वापरता आली असती. ज्या भागाची झीज सर्वांत आधी होणार, तोच भाग कायमचा जोडून टाकल्यामुळे वीतभर केबल संपली की आख्खे उपकरण निकामी ठरते. काटकसरीने वस्तू वापरणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही.

दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरमध्ये जाताना कोऱ्या डिस्क आणि लॅपटॉप बरोबर नेला. या वेळी तंत्रज्ञ स्वतः बाहेर आले. त्यांच्यासमोर केबल सरळ ठेवून एक डिस्क लिहून दाखवली आणि वळण देऊन दुसरी बिघडवून दाखवली. त्यांनी दोष तत्काळ मान्य केला. पण काउंटरवरून नवी अडचण काढण्यात आली, की केबल ही ॲक्सेसरी आहे आणि ॲक्सेसरीची झीज वॉरंटीत बसत नाही. मी वॉरंटीचा कागद पुढे ठेवला. ॲक्सेसरी म्हणजे खोक्यात सुटी मिळालेली वस्तू. ही केबल स्क्रू काढल्याशिवाय ड्राइव्हपासून वेगळी करता येत नाही, मग ती ड्राइव्हचाच भाग आहे, एवढाच मुद्दा मी लावून धरला. पाऊण तासाच्या चर्चेनंतर अर्ज स्वीकारला गेला आणि आठवडाभरात त्याच मॉडेलचा नवा ड्राइव्ह मिळाला. त्या तंत्रज्ञांचे मी मनापासून आभार मानले, कारण त्यांनी दोष मान्य केला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

बदली ड्राइव्हवर तीन महिन्यांत सतरा डिस्क लिहिल्या. सगळ्या ४ एक्स वेगाने, मागच्या पोर्टवरून आणि प्रत्येक वेळी लेखनानंतरची तपासणी चालू ठेवून. एकही बिघडलेली नाही. ज्यांना अधूनमधून डिस्क लिहायची आहे आणि ड्राइव्ह एका जागी ठेवणे शक्य आहे, त्यांनी हा घ्यायला हरकत नाही. ज्यांना तो रोज पिशवीतून न्यायचा आहे, त्यांनी सुटी केबल लागणारा दुसरा ड्राइव्ह शोधावा. या बदली ड्राइव्हची केबल मी एकदाही खाचेत घातलेली नाही. ती खोक्यात सरळ ठेवतो, आणि पोटाखालच्या त्या खाचेवर कोणी चुकून केबल दुमडू नये म्हणून कागदाची पट्टी चिकटवली आहे.