टपालाने घटनादुरुस्ती: टपाल पास, मतपत्रिका काठावर

सभासद पुणे-हैदराबादला पांगले की संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) दुरुस्ती करायच्या सभेला कोरम जमत नाही, म्हणून सोलापुरातल्या संस्थाही टपालाने मतं मागवायचा विचार करतात. सोय चांगली आहे. टपालाला पाचपैकी चार गुण. नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या मतपत्रिकेला मात्र दोनच.

साध्या टपालात पाठवल्याचा पुरावा उरत नाही. तो दाखला देणारी यूपीसी (अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग) सेवा २०११ मध्येच बंद झाली. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तेव्हा जाणारं पाकीट स्पीड पोस्टानेच पाठवावं. पहिला टप्पा ५० ग्रॅमचा. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-४ कागद पावणेपाच ग्रॅमच्या आत भरतो, म्हणजे पाठपोट छापलेले सहा कागद आणि तीन पाकिटं त्यात बसतात. तरी एक नमुना आधी काउंटरवर वजन करून घ्यावा. परतीच्या पाकिटासाठी बिझनेस रिप्लायचा (परतीचं टपाल संस्थेच्या खर्चाने येण्याचा) परवाना परवडतो, कारण जेवढी पाकिटं परत येतील तेवढ्यांचेच पैसे पडतात. एक गुण कापला तो याच ठिकाणी: परतीचं पाकीट साध्या टपालाने येतं, त्याचा माग लागत नाही.

जाणाऱ्या पाकिटात परतीची पाकिटं दोन हवीत. आतलं कोरं, त्यात फक्त मतपत्रिका. बाहेरच्यावर सभासद क्रमांक आणि सही. सही आतल्या पाकिटावर मागितली की गुप्तता संपली. मुदत 'पोचल्याची तारीख' धरून ठेवा, टपालाचा शिक्का बऱ्याचदा वाचताच येत नाही. ३० दिवस पुरतात. फक्त मोजणी गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ठेवू नका, मोजायला माणूस मिळणार नाही.

आता दोनच गुण का, ते. बारा दुरुस्त्यांची मोट बांधून खाली एकच 'मान्य / अमान्य' छापतात. सभेत कोणीही उभं राहून 'वर्गणीवाढ वेगळी मताला टाका' म्हणू शकतो. टपालात तो हात वर करताच येत नाही. मग वर्गणीवर चिडलेला सभासद पत्ताबदलही पाडतो, नाहीतर पत्त्याच्या आडून वर्गणी मंजूर होते. गट करायचाच तर एकमेकांवाचून अडणाऱ्या दुरुस्त्यांचा करा: कार्यकारिणी ११ वरून १५ केली की तिचा कोरमही बदलावा लागतो, ते दोन्ही एकत्र. शुद्धलेखन आणि कलमांचे क्रमांक यांचा दुसरा गट. वर्गणी, कार्यकाळ, मताधिकार हे प्रत्येकी स्वतंत्र. एकीवर दुसरी अवलंबून असेल तर '४ नामंजूर झाल्यास ७ रद्द' हे मतपत्रिकेवरच छापा, नाहीतर मोजणीनंतर घटनेत नसलेल्या कलमाचा हवाला उरतो. सोबत जुना-नवा मजकूर शेजारी-शेजारी हवाच. बहुमत झालेल्या मतांचं की एकूण सभासदांचं, आणि कोरी मतपत्रिका कशी धरायची, हेही आधीच लिहा.

हा सगळा खर्च करण्याआधी कायदा बघा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या मूळ कलम १२ प्रमाणे उद्देश बदलायचा तर महिन्याच्या अंतराने दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन-पंचमांश मतं लागतात, तीही पहिल्या सभेत स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत आणि दुसऱ्या सभेत हजर सभासदांनी दिलेली. तिथे टपाली मत चालत नाही. सहकारी संस्थेचे उपविधीही सर्वसाधारण सभेतच बदलतात. याउलट कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११० मध्ये टपाली मतदानाची स्पष्ट तरतूद आहे. बाकी नियमांसाठी आपल्याच घटनेत 'टपालाने मतदान' हे शब्द आहेत का ते तपासा. नसतील तर पहिली दुरुस्ती तीच, आणि ती सभेतच मंजूर करून घ्यावी लागेल.